'अन्याय झाला' म्हणजे नेमकं काय झालं?

निरगुडी
मंडळी, आठ दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय. इथं कायदेवालेही आहेत आणि भाषावालेही, म्हणून विचारतो.

परवा नात्यातल्या एका बाईंना घेऊन तालुक्याला वकिलांकडे गेलो होतो. बाई पासष्टीच्या. वडिलांच्या मागं कृष्णाकाठची चार एकर बागायत राहिली, ती सगळी भावांच्या नावावर झाली. बाईंनी हक्क सोडला होता. म्हणजे असं, की वडिलांच्या दिवसांना आलेल्या असताना त्याच आठवड्यात त्यांना तलाठी ऑफिसात नेलं, "इथं सही कर, वारसाची नोंद लावायचीय" म्हणून सांगितलं आणि त्यांनी केली. डोळे रडून सुजलेले, चष्मा घरी राहिलेला.

वकिलांनी चहा मागवला, अर्धा तास सगळं ऐकलं. शेवटी बाई म्हणाल्या, "साहेब, माझ्यावर अन्याय झालाय." तर वकील म्हणाले, "ताई, झाला असेल. पण कोर्टात अन्याय चालत नाही. दाद काय मागायची ते सांगा."

'कोर्टात अन्याय चालत नाही.' परतीच्या एसटीत मला या वाक्याचं आधी हसू आलं, नंतर ते घशात अडकलं.

तर प्रश्न असा: कायद्यात 'अन्याय' या शब्दाला काही अर्थ आहे का? आणि नसेल, तर आपण दिवसातून दहा वेळा अन्याय अन्याय म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणत असतो?

चिंचोका
आमच्याकडे पुरणपोळीच्या दिवशी ज्याच्या पानात पुरण एका बाजूला सरकलेली पोळी येते त्याच्यावर अन्याय. दाद आईकडे, अपील आजीकडे. आजीचा निकाल अंतिम, आणि तो नेहमी धाकट्याच्या बाजूनं.

खडूस_काका
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. धागा बंद करा.

मुक्तछंद
@खडूस_काका, ही म्हण नेहमी ज्यानं आधीच जमीन लाटलीय तोच का ऐकवतो हो? (दिवे घ्या.)

निशाणी_पाच
वकिली करतो, म्हणून थोडं सविस्तर.

त्या वकिलांचं बोलणं कोरडं वाटलं तरी चूक नाही. भारतीय दंड संहितेत ४४ व्या कलमात 'क्षती'ची (इंग्रजीत 'इंजुरी') व्याख्या होती: कोणाच्याही शरीराला, मनाला, लौकिकाला किंवा मालमत्तेला बेकायदेशीरपणे पोचवलेली कोणतीही हानी. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी ही व्याख्या जवळजवळ तशीच पुढं आली आहे. गंमत बघा, कायद्याच्या नावातला 'दंड' गेला आणि 'न्याय' आला, पण आत व्याख्यांच्या कलमात न्यायाची व्याख्या नाही, अन्यायाचीही नाही.

कायदा अन्याय हा शब्द घाऊक भावात वापरत नाही. त्याचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं नाव देतो. कुठं क्षती, कुठं गैरहानी, कुठं छळ, कुठं फसवणूक. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या १९८९ च्या कायद्याच्या नावात 'अत्याचार' आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार कायद्यात 'अनुचित कामगार प्रथा' आहे. तुमचं दुखणं यातल्या कुठल्या खणात बसतं ते आधी सांगावं लागतं. खण सापडला नाही, तर दुखणं खरं असूनही दावा उभा राहत नाही.

आणि उलटही होतं. दुखणं काहीच नसताना दावा उभा राहतो. इंग्लंडमधला १७०३ चा ॲश्बी विरुद्ध व्हाइट हा खटला कायद्याच्या पहिल्या वर्षाला प्रत्येक जण घोकतो. ॲश्बीला मत द्यायचा हक्क असताना मतदान घेणाऱ्या अधिकाऱ्यानं मत देऊ दिलं नाही. ज्याला तो मत देणार होता तो उमेदवार तरीही निवडून आला. मग ॲश्बीचं नुकसान काय झालं? काहीच नाही. तरी त्याला भरपाई मिळाली, कारण हक्क डावलला गेला होता. आपल्याकडे १९८५ साली जम्मू-काश्मीरचे आमदार भीम सिंग यांना विधानसभेत जाऊ नये म्हणून अडकवून ठेवलं होतं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं ५० हजार रुपये द्यायला लावले.

आता दुसऱ्या टोकाचा खटला, त्याहून जुना, १४१० सालचा. ग्लूस्टरमधल्या एका मास्तरानं जुन्या शाळेशेजारी नवी शाळा काढली. जुन्या मास्तरांना फी ४० पेन्सवरून १२ पेन्सवर आणावी लागली. ते कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, नुकसान झालं हे खरं, पण तुमचा कुठला हक्क मोडला? घरी जा.

गिरणीवाला
हे शाळेचं प्रकरण शंभर टक्के माझं आहे. १९९६ पासून माझी पिठाची गिरणी. तीन वर्षांपूर्वी समोरच, मधे फक्त रस्ता, एकानं दुसरी टाकली. किलोमागं दोन रुपये कमी घेतो आणि ज्वारीवर गहू दळतो, जातं पुसत नाही. बायको रोज म्हणायची, आपल्यावर अन्याय झालाय, ग्रामपंचायतीत अर्ज करा. अर्ज केला. सरपंच म्हणाले, "तुम्ही गिरणी टाकली तेव्हा तुमच्या आधीच्या गिरणीवाल्यानं माझ्या वडिलांकडं हाच अर्ज दिला होता."

१४१० साली पण हेच ऐकवलं होतं म्हणता. आज बायकोला सांगतो.

चिंचोका
@गिरणीवाला, सहाशे वर्षांची तारीख पडली म्हणायची!

अक्षरधूळ
थोडं शब्दाबद्दल. इंग्रजीतला 'इंजुरी' हा लॅटिन 'इन्यूरिया'वरून आला. 'इन' म्हणजे नाही, 'यूस' म्हणजे हक्क किंवा न्याय. म्हणजे आपल्या अ + न्याय या शब्दासारखीच बांधणी. क्रिकेटमध्ये खेळाडूला इंजुरी झाली म्हणतो तेव्हा आपण मूळ अर्थानं 'त्याच्या गुडघ्यावर अन्याय झाला' असं म्हणत असतो.

वकिलांनी 'दाद' म्हटलं तो शब्दही बघा. फारसीत दाद म्हणजे न्यायच. 'फिर्याद'ही तिकडचीच, तिचा मूळ अर्थ मदतीसाठी फोडलेला टाहो. गवयाला आपण दाद देतो ती हीच दाद. म्हणजे त्या बाई संस्कृतात म्हणाल्या 'अन्याय झालाय' आणि वकील फारसीत म्हणाले 'मग न्याय मागा'. भांडण असं नव्हतंच.

मुक्तछंद
क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. १ फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर सहा हवेत. ग्रेग चॅपेलनं धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, सरपटी चेंडू टाकायला लावला. त्या वेळच्या नियमांत ते चालत होतं. पंच काही करू शकत नव्हते. मॅकेचनीनं चेंडू अडवला आणि बॅट भिरकावून दिली. कायदेशीर होतं, पण जगात एक माणूस सापडणार नाही जो त्याला न्याय म्हणेल.

आणि विनू मंकड! १९४७ साली त्यांनी बिल ब्राऊनला नॉन-स्ट्रायकर टोकाला धावबाद केलं, नियमात बसून. तरी पुढं सत्तर-पंच्याहत्तर वर्षं त्या बाद करण्याला त्यांच्या नावानं हिणवलं गेलं. २०२२ साली क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीनं तो नियम 'अनुचित खेळ' या प्रकरणातून उचलून 'धावबाद'च्या प्रकरणात नेऊन ठेवला. कृती तीच, फक्त खण बदलला. वर निशाणी_पाच म्हणतात तेच.

बॉल_टॅम्पर
मंकडांनी आधी ताकीद दिली होती हे लिहायचं राहिलं का मुद्दाम गाळलं?

मुक्तछंद
राहिलं. त्याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात ताकीद दिली होती. आता क्रिकेटवर नवा धागा काढा, इथं निरगुडींवर अन्याय होतोय.

श्वाबन_कर
मी जर्मनीत राहतो. इथं दोन वेगळे शब्द आहेत. 'उनरेश्त' म्हणजे कायद्याच्या, हक्काच्या विरुद्ध जे आहे ते. आणि 'उनगेरेश्तिश्काइट' म्हणजे आपण पोळीच्या पुरणावरून म्हणतो तो अन्याय. मराठीत दोन्हीला एकच शब्द असल्यानं गोंधळ होतो असं वाटतं. नाझी राजवटीनंतर १९४६ साली गुस्ताव राडब्रुख यांनी एक निबंध लिहिला. ते स्वतः पूर्वी न्यायमंत्री होते. त्यांचं म्हणणं, कायदा न्यायाला इतका असह्यपणे सोडून जाऊ शकतो की कायदाच 'उनरेश्त' ठरतो आणि न्यायाधीशानं तो बाजूला ठेवायला हवा.

चिंचोका
तो दुसरा शब्द उच्चारायला लावणं हाच अन्याय आहे.

माजघर
खेळ-बिळ ठीक आहे, मी घरचं सांगते. माझी आजी अठ्ठाविसाव्या वर्षी विधवा झाली. पदरी दोन मुलगे, मोठा सहा वर्षांचा, म्हणजे माझे वडील. दक्षिण कोकणातली भातशेती, त्यावर तिघं जगायची. कूळ कायदा आला आणि टप्प्याटप्प्यानं सगळं गेलं. जी किंमत ठरली ती हप्त्याहप्त्यानं, आणि एका हप्त्यात माझ्या वडिलांच्या शाळेचे बूट यायचे नाहीत इतकी. आजी लोकांच्या घरी पापड लाटायला जाऊ लागली. संसदेत बसून 'कसेल त्याची जमीन' म्हणणं सोपं आहे. ती कायदेशीरच होती ना सगळी प्रक्रिया? आणि तरी आमच्या घरात आजही त्याला एकच शब्द आहे.

कुळवाडी
@माजघर, तुमच्या आजीबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण मी त्याच पट्ट्यातला आणि दुसऱ्या बाजूचा. माझे पणजोबा आणि त्यांचे वडील, दोन पिढ्या ज्या खाचरात वाकले त्याच्या कागदावर त्यांचं नाव नव्हतं. अर्धं भात मालकाच्या ओटीवर नेऊन टाकायचं, वर मालकाच्या घरची लाकडं फोडायची, लग्नकार्यात पाणी भरायचं. मालकाच्या अंगणात चप्पल हातात. १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनाला, कूळ जमिनीचा मालक झाल्याचं मानलं गेलं. पणजोबा त्या दिवशी नेहमीसारखे खाचरात गेले, पण दुपारी घरी जेवायला न येता तिथंच बांधावर झोपले, असं आजोबा सांगायचे. स्वतःच्या बांधावर.

ज्या दिवसाला तुमच्या घरात अन्याय म्हणतात, त्या दिवशी आमच्या घरात लापशी होते.

आणि बारीकशी दुरुस्ती, तो कायदा संसदेचा नाही, मुंबई राज्याचा, १९४८ चा.

माजघर
लापशी करा हो, मी कुठं अडवतेय. पण माझ्या आजीची पापड लाटायची वर्षं आणि तुमच्या पणजोबांची वेठ एका तागडीत घालून कोणाचं पारडं जड ते मला सांगू नका. आजीनं कोणाला वेठीला धरलं नव्हतं. तिच्या हातात मालकी आली तेव्हा नवरा मेला होता.

निशाणी_पाच
माजघर, त्या कायद्यातच कलम ३२ एफ आहे. मालक विधवा, अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) किंवा अपंग असेल तर कुळाचा विकत घ्यायचा हक्क पुढं ढकलला जातो. म्हणजे तुमच्या आजीसारख्यांचा विचार कायद्यानं केला होता. तो तुमच्या आजीपर्यंत का पोचला नाही हे कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. नवरा १९५७ आधी गेला की नंतर यावर बरंच अवलंबून.

आणि कुळवाडी, त्याच ३२ एफचा फटका कुळांनाही बसला. विधवेचा हक्क संपल्यावर कुळानं मुदतीत नोटीस द्यायची असते. 'आपण तर कसतोच आहोत' म्हणून नोटीस न दिलेली आणि त्यापायी हक्क गमवायची वेळ आलेली माणसं माझ्या ऑफिसात येऊन बसली आहेत. तेही म्हणतात, अन्याय झाला.

माजघर
नवरा १९५४ ला गेला. मला हे कलम आज कळतंय. आजी १९९१ ला वारली.

खडूस_काका
माजघरताई, कागद असतील तर शोधा. एवढंच म्हणतो.

भीमथडी
कायदेशीर आणि न्याय्य यातलं अंतर बघायचं तर महाडला चला. १९२३ ला मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी लोकांना घेऊन तिथलं पाणी प्यायलं. त्यानंतर काय झालं? सवर्णांनी तळ्याची शुद्धी केली आणि वर कोर्टात गेले! डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम दिला, कोणाविरुद्ध, तर पाणी पिणाऱ्यांविरुद्ध. बाबासाहेब बॅरिस्टर. त्यांनी तो हुकूम पाळला आणि खटला लढवला. उच्च न्यायालयाचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये, दहा वर्षांनी.

आणि निकाल कशावर लागला? अस्पृश्यता अन्याय्य आहे यावर नाही. वादी म्हणत होते की आमची ही प्रथा अनादिकालापासूनची आहे. कोर्ट म्हणालं, तसं सिद्ध झालं नाही. सिद्ध झालं असतं, तर मग ती प्रथा वाजवी आहे का याचा विचार करायची वेळ आली असती. म्हणजे ज्या शब्दासाठी सगळं रान पेटलं होतं, त्या शब्दापर्यंत कोर्टाला जावंच लागलं नाही.

म्हणून घटनेत अस्पृश्यता बंद हे सतराव्या कलमात सरळ लिहावं लागलं. पुराव्यावर सोडलं नाही.

निशाणी_पाच
@भीमथडी, फार चांगलं मांडलंत. माझ्या टोपणनावाचा उगमही तोच म्हणा. दाव्यात तूर्तातूर्त मनाईचा अर्ज निशाणी ५ ला असतो. त्या अर्जात आम्ही सगळे एक ठरावीक वाक्य लिहितो, 'वादीचे कधीही भरून न येणारे नुकसान होईल'. महाडच्या वादींनीही असंच काही लिहिलं असणार.

घटनेचं निघालंच म्हणून सांगतो. कलम ४६ वाचा. दुर्बल घटकांचं, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचं, सामाजिक अन्यायापासून आणि शोषणापासून रक्षण करावं असं राज्याला सांगितलं आहे. तिथं 'अन्याय' शब्द सरळ आहे. पण हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि कलम ३७ म्हणतं की ही तत्त्वं कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत. निरगुडींच्या वकिलांचं वाक्य, 'कोर्टात अन्याय चालत नाही', ते असं घटनेतूनही निघतं. अर्थात कोर्टांनी पुढं ही तत्त्वं मूलभूत हक्कांचा अर्थ लावताना वापरली आहेत, पण तो वेगळा धागा.

आसगावचो_भाट
गोव्यातून. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा वारसा कायदा. मुलगा-मुलगी सारखी, आणि निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव, बापालासुद्धा मृत्युपत्रानं ती दुसऱ्याला देता येत नाही. स्थावर विकायचं तर नवरा-बायको दोघांची सही लागते. पूर्वी आम्ही ऐटीत सांगायचो, आमच्या बहिणींवर अन्याय होत नाही. आता माझीच 'इन्व्हेंटरी', म्हणजे वारसांतली वाटणी, कोर्टात आहे, एकवीस वारस, त्यातले सहा पोर्तुगालात आणि दोन कुठं आहेत ते कोणालाच माहीत नाही. घराचं छप्पर पावसात बसलं. न्याय इतक्या जणांत वाटला गेला की कोणाच्याच वाट्याला कौलं आली नाहीत.

चिंचोका
भाटबाब, एकवीस वारस म्हणजे त्यांचा वेगळा धागा निघेल.

अक्षरधूळ
मला मघापासून एक गोष्ट खुपतेय. निरगुडींच्या शीर्षकातच ती आहे. 'अन्याय झाला.' माजघर, गिरणीवाला, त्या बाई, सगळे हेच क्रियापद वापरतात. पाऊस झाला, उशीर झाला, तसा अन्याय झाला. कर्ताच नाही.

जुन्या मराठीत असं नव्हतं. 'माझा काय अन्याय?' म्हणजे 'माझा काय अपराध?' 'अन्यायी' म्हणजे अपराध करणारा. पुरावा प्रत्येकाच्या तोंडात आहे. गणपतीत आरत्या संपल्या की डोळे मिटून काय म्हणतो आपण? 'अन्याय माझे कोट्यानुकोटी, मोरेश्वरा बा तू घाल पोटी.' लहानपणी मला वाटायचं, माझ्यावर कोट्यवधी अन्याय झालेत आणि ते मी बाप्पाला सांगतोय. नाही. मी केलेले अन्याय, तेही कोटींनी, आणि ते पोटात घाल म्हणून विनवणी. आरतीतला अन्याय आपण करतो. आरती संपून प्रसादाचा मोदक लहान मिळाला की लगेच तो आपल्यावर होतो. दोन मिनिटांत शब्दाची दिशा फिरते.

खडूस_काका
बासष्ट वर्षं म्हणतोय ही ओळ. कधी लक्षातच आलं नाही. उठून बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्हालाच उद्देशून म्हणते मी दरवर्षी."

मुक्तछंद
😂😂 काकू, आयडी घ्या इथं!

निशाणी_पाच
अक्षरधूळ, कोर्टात शिरताना पहिला फरक तोच पडतो. 'झाला' हे क्रियापद तिथं चालत नाही. दाव्याच्या पहिल्या पानावर वादी लिहिला की खाली प्रतिवादी लिहावाच लागतो. नाव, वय, धंदा, राहणार. तो रकाना कोरा ठेवून दावा दाखल होत नाही. कित्येक पक्षकार तिथंच थांबतात. नुकसान सांगताना तासभर बोलतात आणि "प्रतिवादी कोण?" विचारलं की खिडकीबाहेर बघतात.

रानमेवा
@निरगुडी, तुम्ही 'नात्यातल्या बाई' म्हणता. कोण लागतात तुमच्या? आणि जमीन ज्या 'भावांच्या' नावावर झाली, ते कोण? राग नका मानू, सहज विचारते. माझ्या आईचीही अशीच सही आहे, आणि मी वीस वर्षं 'मामांकडची जमीन' असंच म्हणत आले.

चिंचोका
प्रतिसादांची शंभरी जवळ आली, धागाकर्ते गायब!

निशाणी_पाच
निरगुडी आले तर एक विचारायचं आहे. कागद नेमका काय आहे? सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र आहे, की तलाठ्यापुढचा नुसता जबाब? जमीन-जुमल्यातला हक्क सोडायचा तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त नोंदवावा लागतो. फेरफार नोंद ही महसुलासाठी असते, तिनं मालकी येत नाही आणि जातही नाही. कुठल्या साली झालं तेही सांगा.

निरगुडी
आहे इथंच. रानमेवांचा प्रश्न वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही.

त्या बाई माझी आत्या. दोन भाऊ म्हणजे माझे बाबा आणि काका. तलाठी ऑफिसात तिला मोटारसायकलवरून नेणारा मी होतो. तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, माझी फी त्याच उसाच्या बिलातून जायची. पहिल्या पोस्टमध्ये मी 'नेलं' लिहिलं, कोणी नेलं ते लिहिलं नाही. मुद्दाम गाळलं नव्हतं असं म्हणावंसं वाटतंय, पण बहुतेक मुद्दामच.

काल फेरफाराची नक्कल काढली. मजकूर असा: 'मयत खातेदार यांचे वारस पत्नी, मुलगे दोन, मुलगी एक. पैकी मुलगी हिने आपला हक्क भावांचे लाभात राजीखुशीने सोडला असल्याचा जबाब दिल्यावरून तिचे नाव दाखल केले नाही.' नोंदवलेला दस्त नाही. जबाब ऑक्टोबर २०१४ चा, नोंद मंजूर नोव्हेंबरात.

'राजीखुशीने' या शब्दावर बराच वेळ बोट ठेवून बसलो होतो.

निशाणी_पाच
तर मग चित्र वेगळं आहे. मी सल्ला देत नाही, कागद तुमच्या वकिलांना दाखवा, पण जे सांगता येतं ते सांगतो. नोंदवलेला दस्त नसेल तर हक्क सुटलाच नाही, असं म्हणायला चांगली जागा आहे. समोरचे म्हणतील की तोंडी कौटुंबिक व्यवस्था होती आणि जबाब हा तिचा पुरावा. म्हणतील की बारा वर्षं गप्प का होता. एकत्र मिळकतीतून वगळल्याचं कळल्यापासून बारा वर्षांच्या आत दावा हवा, आणि ते मुदत मोजायला जबाबाची तारीख धरतील. म्हणजे हा ऑक्टोबर. थांबू नका.

दाद काय मागायची, तर वाटप करून हिस्सा आणि ताबा, आणि तो जबाब तिच्यावर बंधनकारक नाही असा ठराव. वकिलांनी विचारलं होतं त्याचं उत्तर इतकंच आहे.

रानमेवा
निरगुडी, बाबांना सांगितलंत?

निरगुडी
सांगितलं. रात्री जेवताना. त्यांनी ताटातला भात संपवला, हात धुतला आणि म्हणाले, "तिला कधी काही कमी केलं का आपण?" मी म्हटलं नाही. "मग?" म्हणाले आणि झोपायला गेले. सकाळी काकांचा फोन आला, ते पुष्कळ बोलले, ते इथं लिहीत नाही.

आज आत्याकडे गेलो. प्रतिवादीत बाबांचं नाव एक नंबरला येईल, काकांचं दोनला, आजीलाही सामील करावं लागेल, हे सगळं सांगितलं. आजीचं नाव ऐकून ती जरा थांबली. नव्वदीची आहे आजी. मग म्हणाली, "मोठ्या भावाचं नाव वरच यायला हवं, बरोबर आहे."

मला वाटलं होतं ती म्हणेल, नको, यंदाची भाऊबीज होऊ दे. भाऊबीज नोव्हेंबरात आहे, मुदत ऑक्टोबरात जाते, ते समजवायची तयारी करून गेलो होतो. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, चष्मा लावला, बोटानं महिने मोजले आणि म्हणाली, "मग याच महिन्यात घाल. तुझ्या बापाचा राग चार महिने टिकतो. भाऊबीजेपर्यंत उतरेल."

चिंचोका
यावर मला काही विनोद सुचत नाही.

गिरणीवाला
आत्यांना नमस्कार सांगा.

निशाणी_पाच
सातबारा, आठ-अ आणि त्या फेरफाराची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवा. जबाबाचा मूळ कागद तहसीलच्या रेकॉर्डमधून मिळतो का बघा, त्यावर साक्षीदार कोण आहेत ते पाहायला लागेल. आणि वकीलपत्रावर सही घ्यायच्या आधी त्यांना ते मोठ्यानं वाचून दाखवा.

निरगुडी
साक्षीदार मला माहीत आहे. दुसरी सही माझीच आहे.